डँडेनाँगचा मंगळवार : अफगाण बायकांच्या केंद्रात काय करावं, काय करू नये?

माळावरची
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी मेलबर्नच्या दक्षिण-पूर्वेला राहते. हा भाग माहीत नसलेल्यांसाठी: डँडेनाँग स्टेशनजवळ फॉस्टर स्ट्रीटवर 'लिटल इंडिया' आहे, आणि तिथून चालत पाच मिनिटांवर थॉमस स्ट्रीटवर 'अफगाण बाजार'. अकरा वर्षं मी फॉस्टर स्ट्रीटवर मसाले, राख्या आणि फॉल-पिकोसाठी जात आले. थॉमस स्ट्रीटवर फक्त नान घ्यायला. हातभर लांब, कागदात गुंडाळून देतात तो. घरी पोचेपर्यंत अर्धा संपतो. दुकानातल्या बायकांना बघून मान हलवायची, एवढीच ओळख.

गेल्या वर्षी नोकरीत चार दिवसांचा आठवडा मिळाला आणि मंगळवार मोकळा झाला. तेव्हापासून तिथल्या एका केंद्रात जाते. साधी बैठी इमारत आहे, आत एक मोठी खोली, स्वयंपाकघर, शिवणयंत्रांची खोली आणि लहान मुलांसाठी एक कोपरा. मंगळवारी सकाळी फक्त बायका. बहुतेक अफगाण, त्यातही हजारा (तिथला एक अल्पसंख्य समाज) जास्त. (नाव मुद्दाम लिहीत नाही. काहींचे आईवडील, भावंडं अजून तिकडे आहेत. कोण कुठे बसतं हे इंटरनेटवर कशाला हवं.)

पहिल्या महिन्यात मी काय दिवे लावले ते आधी सांगते. मी एचआरमध्ये आहे. त्यामुळे ठरवलं, या बायकांना नोकरीला लावायचं. 'बायोडेटा कसा लिहावा', सहा आठवड्यांचा वर्ग. स्लाइड्स, रंगीत छापील कागद, सगळा सरंजाम. पहिल्या मंगळवारी चौदा जणी. दुसऱ्या मंगळवारी सहा. तिसऱ्या मंगळवारी मी, प्रोजेक्टर आणि केंद्र सांभाळणारी बाई. ती स्वतः हजारा, वीस वर्षांपूर्वी इथे आलेली. तिने वेलदोडा घातलेला ग्रीन टी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "काही दिवस शिकवू नकोस. नुसती येऊन बस."

बसले तेव्हा एकेक दिसायला लागलं. माझा वर्ग दुपारी दोन ते साडेतीन, आणि शाळा सुटते सव्वातीनला. चौदातल्या पाच जणींना दरीतसुद्धा (दरी म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी) वाचता येत नव्हतं. गझनी, बामियानकडच्या खेड्यांत वाढलेल्या, शाळा न पाहिलेल्या. मी दिलेला इंग्रजी कागद त्यांनी नीट चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, घरी कोणाकडून तरी वाचून घ्यायला. आणि त्याच खोलीत काबूलच्या मुलींच्या शाळेत अठरा वर्षं गणित शिकवलेली एक बाई होती, तिला मी 'वक्तशीरपणा हा गुण कसा मांडावा' हे सांगत होते. ती दुसऱ्या आठवड्यातच आली नाही ते बरंच झालं.

आता प्रश्न. आमच्या मंडळातल्या आठ-दहा जणी म्हणताहेत, "आम्हालाही येऊन काहीतरी करायचंय." कोणी हळदीकुंकवासारखा कार्यक्रम सुचवतंय, कोणी जुने कपडे, कोणी योगासनं. मला 'नाही' म्हणायचं नाही, पण माझा प्रोजेक्टर आठवतो. तुमच्यापैकी कोणी असं काम केलंय का? कुठून सुरुवात करावी?

---

चिंचगूळ
मंगळवार, रात्री ११.१५

चार घड्या करून पर्समध्ये... वाचून गलबललं. धागा छान. सध्या फक्त वाचतेय.

---

रिकामटेकडा
बुधवार, सकाळी ७.०५

एक भाबडा प्रश्न. ऑस्ट्रेलिया सरकार निर्वासितांना इंग्रजी फुकट शिकवतं, भत्ता देतं, दुभाषी देतं. मग या केंद्रांचं काम काय? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

---

माळावरची
बुधवार, सकाळी ८.५०

@रिकामटेकडा, भाबडा नाही, बरोबर प्रश्न आहे. सरकारी इंग्रजी वर्ग आहेत. पूर्वी माणशी ५१० तासांची मर्यादा होती, २०२१ मध्ये तीही काढली. पण वर्गात पेन धरता येतं असं गृहीत असतं. आमच्याकडच्या एका खालाला ('खाला' म्हणजे मावशी) पेन धरायला तीन मंगळवार लागले. आणि ज्यांना दरी लिहिता येते त्यांचा हात उजवीकडून डावीकडे जातो, तो उलटा वळवायचा. वर्गात मागे पडलं की लाज वाटते. लाज वाटली की डोकं दुखतं. डोकं दुखलं की घरी. हा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय.

दुसरं म्हणजे घराबाहेर पडायला कारण लागतं. 'इंग्रजी शिकायला जाते' हे कारण काही घरांत चालतं, काहींत नाही. 'बाजारात जाते' हे सगळ्यांकडे चालतं. डँडेनाँग मार्केट मंगळवारी उघडं असतं. केंद्राचा बायकांचा दिवस मंगळवार का, हे मला सात महिन्यांनी कळलं. भाजीची ट्रॉली दारात लावून बायका आत येतात.

---

शेवंता
बुधवार, दुपारी १२.३०

अगदी! माझी पणजी पुण्यात सेवासदनात शिवण शिकायला जायची. घरी सांगितलेलं कारण शिवण. आजी म्हणायची, आईला शेवटपर्यंत धड काजं करता आली नाहीत, पण ती वर्तमानपत्र वाचायला शिकून आली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली ते सुरू केलं तेव्हा त्यांनाही हे पक्कं माहीत असणार, की 'शिक्षण' म्हटलं की घरचे अडवतात आणि 'शिवण' म्हटलं की सोडतात.

---

रावबाजी
बुधवार, दुपारी १.१०

१४ जानेवारी १७६१ विसरलात वाटतं. अब्दालीच्या वंशजांना चहा पाजा आता. आपल्या मंडळाच्या वर्गणीतून नाही ना हे?

---

अनाहूत
बुधवार, दुपारी १.२५

आला पानिपतवाला. पॉपकॉर्न आणतो.

---

डॉ. खडू
बुधवार, दुपारी २.००

रावबाजी, इतिहासच काढायचा तर पुरता काढा. अब्दाली पश्तून, दुराणी. धागाकर्तीच्या केंद्रात बहुतेक हजारा आहेत. १८९०च्या दशकात काबूलचा अमीर अब्दुर रहमान खान याने याच हजारांवर स्वारी करून त्यांची कत्तल केली, जमिनी हिसकावल्या, माणसं गुलाम म्हणून विकली. तेव्हा जे पळाले त्यांतले बरेच आजच्या पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याला गेले. त्यांचे पणतू-खापरपणतू गेली वीस-पंचवीस वर्षं तिथेही बॉम्बस्फोटांत मरताहेत. काबूलच्या गादीने दुखावलेल्यांची यादी केलीत तर तुम्ही आणि त्या बायका एकाच पानावर याल.

बाकी तुम्ही 'अर्ज', 'जमीन', 'सरकार', 'हजर', 'दरवाजा' यांतला एकही शब्द न वापरता दिवस काढून दाखवा, मग बोलू.

---

माळावरची
बुधवार, रात्री ९.३०

डॉ. खडू :-)

शब्दांचं निघालंच आहे तर. दरीत काका म्हणजे काका. मामा म्हणजे मामा. खरंच! पहिल्यांदा एका पोराने दारातून "मामा!" अशी हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. 'दफ्तर' म्हणजे ऑफिस, आणि 'चौकी' म्हणजे खुर्ची. मला एकदा "चौकीवर बस" म्हणाल्या, मी पोलिसांचं काही आहे का म्हणून घाबरले. 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मी हप्ता म्हटलं की मला गाडीचं कर्ज आठवतं. आणि मला सर्वांत आवडलेलं: भेटल्यावर म्हणतात "मांदा नबाशी", म्हणजे थकू नकोस. त्यावर उत्तर "जिंदा बाशी", जिवंत राहा. सोमवारच्या ऑफिसनंतर मंगळवारी सकाळी दारातच कोणी "थकू नकोस" म्हणालं की काय वाटतं सांगू.

क्वेट्ट्यात राहून आलेल्यांना उर्दू येते, त्यामुळे माझं मोडकं हिंदी चालतं. काहींना हिंदी मालिकांनी शिकवलंय. दरीत डब झालेल्या सासू-सुनांच्या मालिका तिकडे एके काळी इतक्या चालत की २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्यावर बंदी घालायचा घाट घातला होता. एका खालाने मला विचारलं, तुमच्याकडे सासवा खरंच झोपतानाही दागिने घालतात का.

---

संपादक मंडळ
बुधवार, रात्री ११.००

दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धर्मावर वाद घालायचा असल्यास वेगळा धागा काढावा.

---

कागदी घोडा
गुरुवार, सकाळी ६.४०

मी मेलबर्नलाच असतो, व्हिसाच्या कागदपत्रांच्या कामात बरीच वर्षं आहे. (इथे सल्ला देत नाही, व्यक्तिगत निरोप करू नका, वकील गाठा.) पण बायका अशा एकदम आत्ता का येताहेत, ते मंडळाच्या ताईंना ठाऊक असलेलं बरं.

२०१२-१३ च्या सुमाराला बरेच हजारा पुरुष बोटीने आले. त्यांना कायमचा व्हिसा नाही, तात्पुरता. तीन किंवा पाच वर्षांचा, संपला की पुन्हा अर्ज. त्यावर बायकोमुलांना बोलवता येत नव्हतं. बायको क्वेट्ट्यात, मुलं तिथेच मोठी होताहेत, बाप डँडेनाँगमध्ये टाइल्स बसवतोय आणि व्हिडिओ कॉलवर गृहपाठ घेतोय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने या सुमारे १९ हजार लोकांना (सगळे अफगाण नव्हेत) कायम राहण्याचा मार्ग खुला केला. त्यानंतर कुटुंबं यायला लागली. दुसरीकडे, काबूल पडल्यावर अफगाणांसाठी ३१,५०० जागा राखल्या होत्या, त्यातून आलेली कुटुंबं वेगळी. शिवाय 'वुमन ॲट रिस्क' नावाचा व्हिसा १९८९ पासून आहे, घरात आधाराला पुरुष नसलेल्या आणि धोक्यात असलेल्या बाईसाठी.

म्हणजे एकाच टेबलावर तीन वेगळ्या गोष्टी बसलेल्या असतात. मला सगळ्यांत अवघड वाटतात त्या पहिल्या. दहा-बारा वर्षांनी नवरा-बायको एका घरात. त्याला इथलं सगळं येतं, तिला काहीच नाही. तो तिला ओळखतो ती पंचविशीची.

---

चिंचगूळ
गुरुवार, सकाळी ८.१५

बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

माळावरची
गुरुवार, सकाळी ८.४०

@कागदी घोडा, तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. एक बाई आहे आमच्याकडे. ती म्हणाली, फोनवर नवरा खूप बोलायचा. आता घरात आहे तर बोलत नाही. मग स्वतःच म्हणाली, मीही फोनवरच जास्त बोलायचे. सगळ्या हसल्या, तीही. त्या हसण्यात मला सामील होता येईना.

---

स्क्वेअरलेग
गुरुवार, सकाळी १०.२०

अवांतर होईल, पण मेलबर्न आणि अफगाण बायका म्हटलं की राहवत नाही. ३० जानेवारी २०२५, जंक्शन ओव्हल. अफगाणिस्तान विमेन्स इलेव्हनचा सामना. २०२० मध्ये त्यांच्या बोर्डाने पंचवीस मुलींना करार दिले होते, वर्षभरात तालिबान आले, आणि बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात पोचल्या. मेलबर्न आणि कॅनबेरात क्लब क्रिकेट खेळतात. त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र मैदानात उतरल्या. मी रजा टाकून गेलो होतो. हरल्या. नाहिदा सापन कर्णधार होती. माझ्या शेजारी बसलेले एक अफगाण काका प्रत्येक चौकाराला उभे राहायचे, आणि तो चौकार कोणत्या संघाचा आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

अफगाण पुरुषांचा संघ विश्वचषकात खेळतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, मीही वाजवतो. पण पूर्ण सदस्य देशाला महिला संघ असावा लागतो हा आयसीसीचाच नियम. त्याचं पुढे काय होतंय ते बघतोच आहोत.

---

अनाहूत
गुरुवार, सकाळी ११.००

एकदा तरी अवांतर कामाचं निघालं. पॉपकॉर्न बाजूला ठेवला.

---

सायली_मेल
गुरुवार, रात्री ८.५५

मी मंडळातली त्या 'आठ-दहा जणीं'पैकी एक. हो, हळदीकुंकू मीच सुचवलं होतं. :-( हेतू एवढाच की बायकांनी एकत्र यावं, वाण द्यावं. पण इथलं वाचून वाटतंय की आपण आपलाच कार्यक्रम त्यांच्या दारात नेऊन मांडतोय.

जुन्या कपड्यांचं काय? माझ्याकडे मुलांचे चांगले कोट आहेत.

---

माळावरची
गुरुवार, रात्री ९.४०

सायली, रागावू नकोस गं, मी तुझ्याहून मोठी फजिती करून बसलेय.

कपडे नकोत. केंद्रात ठेवायला जागा नाही, निवडायला माणसं नाहीत, आणि लोक फाटकंही आणून टाकतात. मागच्या हिवाळ्यात अर्धा मंगळवार आम्ही कोणाच्या तरी घरातला पसारा वेगळा करत होतो. कोट मात्र आण, चार-पाचच, आणि माप सांगून. त्यापेक्षा ट्रेन-बसच्या मायकी कार्डात पैसे भरून दिलेस तर जास्त उपयोग. आणि तुझी गाडी. खरं सांगते, इथे बाईला सगळ्यांत जास्त बदलते ती गाडी. इंग्रजीच्याही आधी. ज्या दोघी गाडी शिकल्या त्यांच्या घरातलं सगळं गणित हललं: डॉक्टरकडे कधी जायचं, शाळेतून कोणी आणायचं, कोणाच्या मैताला जायचं. प्रशिक्षक महाग पडतो. पिवळी 'एल' (शिकाऊ) पाटी लावून शेजारी बसणारी, पूर्ण परवाना असलेली, न ओरडणारी बाई हवी असते. शेवटचं विशेषण महत्त्वाचं. नवरे शिकवतात, पण ओरडतात. हे अफगाण-मराठी दोन्हीकडे सारखंच. (विम्याचं मात्र आधी विचारून घ्यायचं.)

---

रिकामटेकडा
गुरुवार, रात्री १०.१०

शेवटच्या वाक्याला बायकोने हे वाचताना माझ्याकडे बघितलं.

---

दिल्लीत_मराठी
शुक्रवार, दुपारी ३.२०

तुमचं वाचून थोडा हेवा वाटला. मी दिल्लीत लाजपतनगरजवळ राहते. भोगल, मालवीयनगर, खिडकी एक्स्टेन्शन इथे अफगाण कुटुंबं बरीच आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही. हातात यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था) कार्ड, त्यावर शाळा-दवाखाना काही प्रमाणात होतं, पण रीतसर नोकरी नाही. आमच्या गल्लीत एक डॉक्टरबाई आहे, मझार-ए-शरीफची. घरी बसून बोलाणी करून विकते. बोलाणी म्हणजे कांद्याची पात नाहीतर बटाटा भरलेली पातळ, घडी घातलेली पोळी, तेलावर भाजलेली. आपल्या आलू पराठ्याला अर्धी कणीक कमी घातली तर होईल तशी.

ती म्हणते, इथे पाच वर्षं 'थांबलेय'. 'राहतेय' म्हणत नाही. तुमच्याकडे निदान आल्या-आल्या राहायला सुरुवात करता येते.

---

डॉ. खडू
शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

@दिल्लीत_मराठी, हा शब्दभेद महत्त्वाचा आहे.

ऑस्ट्रेलियातही 'राहणं' नेहमीच सोपं नव्हतं, अफगाणांना तर नाहीच. १८६० मध्ये बर्क-विल्सच्या ऑस्ट्रेलिया ओलांडायच्या मोहिमेसाठी कराचीहून दोन डझन उंट मेलबर्नला आणले, सोबत उंटवाले. पुढच्या साठेक वर्षांत आणखी हजारो उंट आले, माणसंही आली. बलुची, पंजाबी, सिंधी, पश्तून, सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. या लोकांनी मधल्या वाळवंटात तारेचे खांब, लोकर, पीठ, पाणी वाहिलं. ॲडलेड-डार्विन गाडीला 'द घान' म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. पण बायकोला आणायची सोय नव्हती, आणि १९०१ नंतर 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'चे कायदे आले. कोणी इथल्या बायकांशी लग्न केलं, कोणी म्हातारपणी ॲडलेडच्या मशिदीत येऊन राहिले. कागदी घोडा यांनी सांगितलेला टाइल्सवाला बाप आणि तो उंटवाला, मध्ये दीडशे वर्षं आहेत एवढंच.

धागाकर्तीला एक वैद्यकीय प्रश्न: ज्या खालाला पेन धरायला तीन आठवडे लागले, तिचे डोळे कोणी तपासलेत का?

---

माळावरची
शुक्रवार, रात्री ९.००

नाही. विचारच केला नव्हता. का?

---

डॉ. खडू
शुक्रवार, रात्री ९.२०

वय काय तिचं?

---

माळावरची
शुक्रवार, रात्री ९.३५

कागदावर १ जानेवारी १९७५. आता हे 'कागदावर' का, तर आमच्या केंद्रातल्या निम्म्या बायकांचा वाढदिवस १ जानेवारीला. जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, फॉर्म भरणाऱ्याने टाकली. मला हसू आलं, कारण माझ्या सासऱ्यांची आणि त्यांच्या चारही भावांची १ जून आहे. मास्तरांनी शाळेत घालताना टाकलेली. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्या बायकांना मी त्यांच्यातली वाटले असेन. बायोडेटाने जे झालं नाही ते १ जूनने झालं.

म्हणजे पन्नाशी, असेल किंवा पंचावन्न.

---

डॉ. खडू
शुक्रवार, रात्री ९.४५

मग आधी चाळिशी लावून बघा. मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) असेल तर डोळे तपासायला पैसे लागत नाहीत, फक्त तारीख ठरवताना विचारून घ्या. दुभाषी लागलाच तर सरकारी दुभाषी सेवेला १३१ ४५० वर फोन करून बाई दुभाषी मागता येते. आणि 'दरी' नाही, 'हजारगी' (हजारांची बोली) मागा, इथे ती वेगळी भाषा म्हणून नोंदलेली आहे. मुलीला दुभाषी म्हणून नेऊ देऊ नका. दहा वर्षांच्या पोरीने आईचं दुखणं डॉक्टरला सांगायचं, मग ती वेगळंच सांगते, किंवा आई वेगळंच सांगते.

---

मृगजळ
शनिवार, सकाळी ९.१०

उशिरा आले. माझी सासू गेल्या हिवाळ्यात सहा महिने आमच्याकडे होती, क्रॅनबर्नला. साताऱ्याच्या जवळच्या गावातली. दिवसभर घरात एकटी, बाहेर माणूस दिसत नाही, बस तासाला एक, टीव्हीवर मराठी चॅनेल लावून झोपून जायच्या. मी तिला अशाच एका केंद्रात नेलं (तुमचंच असेल बहुतेक, शिवणयंत्रांची खोली डाव्या हाताला आहे का?). पहिल्या दिवशी तिने तिथला चहा घेतला नाही. त्यांच्या भांड्यात मटण शिजतं म्हणून. घरून स्टीलचा पेला आणि थर्मास नेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी काही बोललं नाही, पण दिसतं ना सगळ्यांना.

तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिने गोधडी शिवायला घेतली. तिथल्या एकीचं कंदाहारी भरतकाम, खामक म्हणतात, इतकं बारीक की टाके मोजता येत नाहीत. दोघी एकमेकींच्या हाताकडे बघत बसायच्या. भाषा एकही सारखी नाही. सासू मराठीत बोलायची, ती पश्तोत. तासभर. मी विचारलं काय बोलता, तर म्हणे, "तिच्या थोरल्याचं लग्न जमत नाहीये." आता हे तिला कसं कळलं देव जाणे, आणि बरोबर कळलं की नाही तेही.

चहा तिने शेवटपर्यंत घेतला नाही. पेला मात्र तिथेच ठेवून गेली. अजून तिथे फडताळात आहे, त्यावर तिचं नाव कोरलेलं आहे.

---

माळावरची
शनिवार, सकाळी ९.३०

अगं!!! तो पेला तुझ्या सासूचा? त्यात आम्ही बटणं ठेवतो.

---

सायली_मेल
शनिवार, सकाळी १०.०५

हे वाचून मी पहाटेपासून ठरवत असलेलं भाषण रद्द केलं. मी योगासनंही शिकवणार नाही. आई आलीय माझी पुण्याहून, तिला घेऊन येते. आणि गाडी आहे, आणि मी ओरडत नाही. (नवऱ्याला विचारू नका.)

---

रावबाजी
शनिवार, दुपारी १२.००

वाचतोय सगळं. माझा मुद्दा होता की मराठी विद्यार्थी इथे एका खोलीत सहा-सहा राहतात, त्यांच्यासाठी मंडळ काय करतं? तो मुद्दा अजूनही आहे. पण पानिपताचं वाक्य मागे घेतो. बर्विकला राहतो. ट्रॉलीसकट बायका-मुलं ने-आण करायची असेल तर सात सीटची गाडी आहे.

---

माळावरची
शनिवार, दुपारी १२.४०

@रावबाजी, विद्यार्थ्यांचा मुद्दा रास्तच आहे, त्यावर धागा काढा, मी येते. गाडी हवी आहे. पण मंगळवारी सकाळी पुरुष आत येत नाहीत, दाराशीच सोडावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका. आणि 'वर्किंग विथ चिल्ड्रन'चं (मुलांजवळ काम करणाऱ्यांच्या पडताळणीचं) कार्ड काढून घ्या, स्वयंसेवकांना फुकट आहे.

सगळ्यांसाठी आणखी थोडं, केंद्रातल्या बाईंनी सांगितलेलं: फोटो काढायचे नाहीत, पाठमोरेही नाहीत. "कशी पळून आलात" विचारायचं नाही; सांगायचं असेल ती भांडी घासताना आपोआप सांगते. कोण हजारा, कोण ताजिक, कोण पश्तून हे विचारायचं नाही. आपल्याकडे 'आडनाव काय' विचारण्यामागे जे असतं तेच इथेही असतं. खाऊ आणायचा तर जिलेटिन नको. शंकरपाळी चालतील, धावतील. त्यांच्याकडे 'गोश-ए-फील' म्हणजे 'हत्तीचा कान' नावाचं तळलेलं गोड असतं, आपल्या चिरोट्याची चुलत बहीण.

---

माळावरची
साडेतीन आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री ९.५०

धागा वर काढतेय.

दहा जणी येणार होत्या, चार आल्या. चारच बऱ्या. सायलीच्या आईने आल्या-आल्या कांद्याची पात निवडायला घेतली, कोणी सांगितलं नव्हतं. रावबाजी तीन मंगळवार न चुकता दाराशी येतात आणि गाडीतच पुस्तक वाचत बसतात. गेल्या वेळी कोणीतरी त्यांना बाहेर बोलाणी नेऊन दिली, वर "काका" म्हणाली. गणिताच्या बाई परत आल्या. मी बोलावलं नव्हतं, मुलांच्या कोपऱ्यात गृहपाठाला कोणी नाही हे त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं. आता त्या सातवी-आठवीच्या मुलींना बीजगणित शिकवतात. त्यांची धाकटी बहीण काबूलमध्ये सुईणीचं शिक्षण घेत होती, डिसेंबर २०२४ मध्ये तेही बंद केलं. हे त्यांनी सांगितलं त्या दिवशी त्या वर्गात नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या होत्या, असं केंद्रातल्या बाई म्हणाल्या.

सगळं गोड नाही. गाडी शिकणाऱ्या एकीचं येणं घरून बंद झालंय. आम्ही काही करू शकलेलो नाही. बाई म्हणाल्या, "दार उघडं ठेवा आणि फोन करू नका, फोन त्याच्याकडे असतो."

डॉ. खडू, तुमच्यासाठी: वर्गातल्या नऊ जणींचे डोळे तपासले. पाच जणींना चाळिशी लागली. त्या खालाला दोनचा नंबर निघाला. चष्मा लावून तिने आधी अक्षरं पाहिलीच नाहीत, स्वतःचे हात पाहिले, मग माझं तोंड पाहून म्हणाली (उर्दूत), "मला वाटायचं तू तरुण आहेस."

---

डॉ. खडू
मंगळवार, रात्री १०.०५

:-D

---

शेवंता
मंगळवार, रात्री १०.२०

मीही पुढच्या महिन्यात मेलबर्नला लेकीकडे येतेय. येऊ का? काजं मला येतात. पार्किंग मिळतं का?

---

माळावरची
मंगळवार, रात्री १०.३०

या की! पुढचे दोन मंगळवार शाळांना सुट्टी, केंद्र बंद. त्यानंतर साडेनऊला. पार्किंग बाजाराच्या दिवशी मिळत नाही, ट्रेनने या आणि थॉमस स्ट्रीटवरून येताना चार नान आणा, गरम.